मिइके: ‘मी खाली जात नाही’ म्हणण्याची गोष्ट

(ऑडिओ एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेली घरची बेल काढून टाकली आहे.)



आज सुरुवात एका नाचापासून करू. लोकलमध्ये लटकत असाल तर नुसतं ऐका, पण घरी असाल तर माझ्याबरोबर हात हलवा. हातात कुदळ आहे असं समजा. उजवीकडे खणा, खणा. आता डावीकडे खणा, खणा. जे निघालं ते खांद्यावरून मागे टाका, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. आता कपाळाशी हात धरून वर बघा, चंद्र उगवलाय. मग दोन्ही हात पुढे करून गाडी ढकला. अजून ढकला. आणि शेवटी टाळ्या.

झालं! तुम्ही आत्ता जपानमधला बहुधा सगळ्यात लोकप्रिय लोकनाच केलात. त्याचं नाव ‘तांको बुशी’, म्हणजे कोळशाच्या खाणीचं गाणं. जपानमध्ये उन्हाळ्यात ‘ओबोन’ नावाचा सण असतो. आपल्या पितृपक्षासारखा, पितरांची आठवण काढण्याचा, पण तिकडे त्यात नाचतात. शाळेच्या मैदानावर मध्ये एक मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती गोल करून आजीपासून नातवापर्यंत सगळे. हवाईत, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली जपानी कुटुंबंसुद्धा हा नाच करतात.

गाण्यात चंद्र उगवतो तो एका खाणीच्या वर. आणि गाणारा म्हणतो की खाणीचं धुरांडं इतकं उंच आहे, बिचाऱ्या चंद्राच्या डोळ्यांत धूर जात असेल. हे गाणं जन्माला आलं जपानच्या दक्षिणेकडच्या तागावा या खाणपट्ट्यात, पण जगभर जे रूप गाजलं त्यात नाव येतं दुसऱ्या एका खाणीचं. मिइके. नीट म्हणायचं तर मि-इ-के.

हा नाच मी पहिल्यांदा व्हिडिओत पाहिला, तेव्हा एक चार-पाच वर्षांची मुलगी किमोनो घालून अगदी मन लावून ‘खणत’ होती. तिला माहीत नव्हतं ती काय खणतेय. मलाही नव्हतं. मग मी मिइकेबद्दल वाचायला लागलो आणि अडकलोच.

जपानची कोळसा खाण म्हटलं की रीलमध्ये तुम्ही ते भुताटकीसारखं दिसणारं बेट पाहिलं असेल, हाशिमा. समुद्राच्या मधोमध ओस पडलेल्या काँक्रीटच्या चाळी. ‘स्कायफॉल’मधल्या व्हिलनचं बेट त्याच्यावरूनच बेतलेलं. ते बेट फोटोजेनिक आहे, मान्य. पण मिइकेची गोष्ट जास्त मोठी आहे आणि आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही. म्हणून आज मिइके.

ऐकताना एक प्रश्न खिशात ठेवा. प्रत्येक काळात या खाणीत जो माणूस खाली उतरत होता, त्याला ‘मी आज खाली जात नाही’ असं म्हणता येत होतं का? बास, एवढाच प्रश्न.

पेटणारा दगड

जपानच्या नकाशात सगळ्यात खाली डावीकडे क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिमेला आरिआके नावाचा उथळ समुद्र. त्याच्या काठावर ओमुता हे शहर आणि त्याला चिकटून आराओ हे दुसरं. या दोन शहरांच्या खाली, आणि पुढे थेट समुद्राच्या तळाखाली, मिइकेचा कोळसा पसरलेला आहे.

दंतकथा सांगते की १४६९ साली देंजिझाएमोन नावाचा एक गरीब शेतकरी डोंगरावर लाकडं गोळा करायला गेला. थंडी होती, त्याने शेकोटी पेटवली, आणि बघतो तर काय, शेजारचा काळा दगडच जळायला लागला! खरंखोटं देव जाणे, पण तिकडच्या मुलांना ही गोष्ट आपल्याकडच्या हिरकणीसारखी तोंडपाठ असते.

पुढची चारशे वर्षं आसपासचे लोक आणि तिथले सरदार थोडाथोडा कोळसा काढत राहिले. खरी उलथापालथ झाली १८७३ मध्ये. जपानमध्ये सत्तापालट होऊन पाचच वर्षं झाली होती. नव्या मेइजी सरकारला घाई होती: रेल्वे हवी, आगबोटी हव्या, कारखाने हवे, आणि हे सगळं परदेशातून विकत घ्यायला परकीय चलन हवं. कोळसा म्हणजे घरच्या यंत्रांना खाद्य आणि बाहेर विकायला माल. सरकारने मिइके ताब्यात घेतली.

आता प्रश्न आला, खाली उतरणार कोण?

पहिले लोक: कैदी

खाणीत काळोख, गुडघाभर पाणी, उकाडा, वर कधीही कोसळेल असं छत. शेतकरी खुशीने येईनात. सरकारकडे मात्र अशी माणसं होती ज्यांना विचारावंच लागत नाही. तुरुंगातले कैदी. १८७३ पासूनच कैद्यांना मिइकेत उतरवायला सुरुवात झाली. १८८३ मध्ये तर खाणीला लागूनच एक मोठा तुरुंग बांधला, लांब शिक्षेच्या कैद्यांसाठी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मिइकेतल्या मजुरांमध्ये साधारण दोन-तृतीयांश कैदी होते.

मियानोहारा नावाचा एक पिट १८९८ मध्ये सुरू झाला. तिथे मुख्यतः कैदीच काम करायचे. लोक त्याला ‘शुरा-को’ म्हणायचे. शुरा म्हणजे आपले असुर. बौद्ध कल्पनेत असुरांचा लोक म्हणजे जिथे अखंड झगडा चालू असतो ती जागा. त्या नावातच सगळं आलं.

मिइकेत कैद्यांना राबवणं किती वर्षं चाललं असेल? १९३० पर्यंत! म्हणजे सत्तावन्न वर्षं. आजोबा कैदी असतील तर नातू तरुण होईपर्यंत.

साडेपंचेचाळीस लाखांचा लिलाव

१८८८ मध्ये सरकारने ही खाण विकायला काढली. जपानचे दोन बडे उद्योगसमूह समोरासमोर, मित्सुई आणि मित्सुबिशी. बंद पाकिटातले आकडे उघडले. जिंकणारी बोली ४५ लाख ५५ हजार येन. हरणारी ४५ लाख ५२ हजार ७००. फरक फक्त २,३०० येनचा! मित्सुई जिंकले आणि पुढची शंभरेक वर्षं ओमुता हे मित्सुईचं गाव झालं.

या खाणीचा कोळसा परदेशात विकता विकताच मित्सुईची व्यापारी कंपनी वाढली. शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर. हीच कंपनी १८९३ मध्ये आपल्या मुंबईत येऊन ठेपली, कापूस खरेदी करायला. त्याच वर्षी जपानी आगबोटींची कोबे ते मुंबई ही नियमित फेरीही सुरू झाली. तेव्हा मिइकेचं नाव आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही.

खाणीबरोबर मित्सुईला एक माणूसही मिळाला, दान ताकुमा. तेरा-चौदा वर्षांचा असताना सरकारी शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला गेला आणि एमआयटीतून खाणकाम शिकून परतला. मिइकेचा सगळ्यात मोठा शत्रू होता पाणी. १८८९ च्या भूकंपानंतर एक नवा पिट पार बुडाला. दानने इंग्लंडहून प्रचंड मोठे वाफेचे पंप आणायचा हट्ट धरला. एवढा पैसा पाण्यात घालायचा का, असं विचारणारे होतेच. पण पंपांनी पिट कोरडा केला आणि दान एकदम हिरो झाला.

त्याचं खरं मोठं काम म्हणजे मिइके बंदर, १९०८ सालचं. आरिआके समुद्रात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरहून जास्त. दुमजली घराएवढं पाणी रोज चढतं आणि उतरतं. ओहोटीला किनाऱ्यावर नुसता चिखल, मोठं जहाज येणार कसं? दानने बंदराला दरवाजाच लावला. भरतीला उघडा, जहाज आत घ्या, दार बंद करा, ओहोटीतही आत पाणी तसंच. ते लोखंडी दरवाजे आजही चालतात. दानचं म्हणणं असं सांगतात की कोळसा एक दिवस संपेल, पण बंदर असलं तर इथल्या माणसांना पुढची शंभर वर्षं पोट भरता येईल. दूरदृष्टीचा माणूस होता, यात वाद नाही. पुढे तो मित्सुई समूहाचा सर्वेसर्वा झाला आणि १९३२ मध्ये टोकियोत एका कट्टर राष्ट्रवादी तरुणाने त्याला गोळी घातली.

पण दानचे पंप आणि बंदर बघताना आपला प्रश्न विसरू नका. हे बंदर होण्याआधी कोळसा छोट्या होड्यांतून समोरच्या कुचिनोत्सु बंदरात न्यायचे आणि तिथे मोठ्या जहाजांवर चढवायचे. पाठीवरून, टोपल्यांतून. ते काम करायला कोण आले? योरोन नावाच्या दक्षिणेकडच्या छोट्या बेटावरचे लोक. १८९८ मध्ये तिथे वादळाने पिकं आणि घरं गेली, उपासमार झाली, आणि कुटुंबंच्या कुटुंबं बेट सोडून आली. त्यांना बाकीच्यांपेक्षा कमी मजुरी मिळायची, त्यांच्या बोलीवरून, राहणीवरून हिणवलं जायचं. पोटात भूक असलेला माणूस कैदी नसतो. पण ‘नाही’ तरी कसं म्हणणार?

बायका, आणि मग युद्ध

खाली फक्त पुरुष होते असं समजू नका. नवरा कोळसा फोडायचा, बायको तो ओढत बाहेर आणायची, अशा जोड्या जपानी खाणींत सर्रास होत्या. १९३० च्या सुमारास कायद्याने बायकांचं भूमिगत काम थांबत गेलं. कैदी गेले, बायका गेल्या, आणि थोड्याच वर्षांत युद्ध आलं.

जपानी तरुण सैन्यात गेले आणि खाण रिकामी झाली. कोळसा तर आधीपेक्षा जास्त हवा होता. मग कोरियातून, जो तेव्हा जपानच्या ताब्यात होता, हजारो माणसं आणली. चीनमधून दोन हजारांहून जास्त. त्यातले कित्येकजण उपासमार, आजार आणि मारहाणीने तिथेच मेले. आणि ओमुतातच दोस्तराष्ट्रांच्या युद्धकैद्यांची मोठी छावणी होती, ‘फुकुओका १७’. अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, डच, ब्रिटिश, मिळून सतराशेच्या आसपास. त्यांनाही खाली उतरवलं.

ओमुतात कंपनीच्या एका जुन्या निवासात भिंतीवर कोरियन मजुरांनी लिहिलेला मजकूर पुढे सापडला. त्यात त्यांच्या मुलखाचं नाव होतं. १९९७ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. विचार करा, परक्या देशात, थकून आल्यावर, कुणी भिंतीवर काय लिहील? आपलं गाव.

आणि मग लोक ‘नाही’ म्हणायला लागले

१९४५ मध्ये जपान हरला. त्यानंतर जे झालं ते मला या गोष्टीतलं सगळ्यात रोमांचक वाटतं.

युनियन कायदेशीर झाल्या. मिइकेची युनियन जपानमधली सगळ्यात ताकदवान मानली जाऊ लागली. क्यूशू विद्यापीठातले प्राध्यापक साकिसाका इत्सुरो, मूळचे ओमुताचेच, खाणकामगारांचे अभ्यासवर्ग घ्यायचे. दिवसभर कोळसा खणलेली माणसं संध्याकाळी बसून मार्क्स वाचायची. १९५३ मध्ये कंपनीने कपात जाहीर केली. ११३ दिवसांचा लढा झाला आणि युनियन जिंकली.

पण त्याहून महत्त्वाचं होतं रोजचं काम. छत नीट टेकवलेलं नाही? गॅस जास्त वाटतोय? मग कामगार मुकादमाला तिथेच सांगायचे, आधी हे दुरुस्त करा, मग आम्ही खणू. शंभर वर्षांत पहिल्यांदा मिइकेच्या अंधारात कुणीतरी ‘नाही’ म्हणत होतं आणि ते ऐकून घ्यावं लागत होतं.

कंपनीला अर्थातच हे खुपत होतं. त्यात बाजारही पालटला. मध्यपूर्वेचं स्वस्त तेल यायला लागलं आणि सरकारनेही कोळशाकडून तेलाकडे वळायचं ठरवलं. डिसेंबर १९५९ मध्ये मित्सुईने मिइकेतल्या १,२७८ जणांना काढून टाकलं. त्यात तीनशेच्या आसपास युनियनचे खंदे कार्यकर्ते होते. कंपनीच्या भाषेत ‘उत्पादनात अडथळा आणणारे’. म्हणजे बघा, नेमकं कुणाला काढायचं हे आधीच ठरलेलं होतं.

२५ जानेवारी १९६० ला कंपनीने टाळं ठोकलं. युनियनने बेमुदत संप पुकारला. देशभरातून पैसे, तांदूळ, माणसं येऊ लागली. तिकडे बँका आणि उद्योगपती मित्सुईच्या मागे उभे राहिले. लोक म्हणायला लागले, ही एका खाणीची भांडणं राहिली नाहीत, सगळं भांडवल विरुद्ध सगळा कामगार असा सामना आहे. त्याच महिन्यांत टोकियोच्या रस्त्यांवर अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखोंचे मोर्चे निघत होते. १९६० च्या त्या जपानची कल्पना करा. अख्खा देश तापलेला.

मार्चमध्ये युनियन फुटली. पगाराविना महिनोन्‌महिने घर चालवणं सोपं नसतं. काही हजार जणांनी दुसरी युनियन काढली आणि कामावर जायचं ठरवलं. सख्खे भाऊ दोन बाजूंना गेले. कंपनीच्या चाळीत शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मुलांनी शाळेत गट केले. तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकल्या तर पोलिसांच्या काठीपेक्षा ही जखम जास्त खोल गेलेली दिसते.

२९ मार्चला योत्सुयामा पिटच्या फाटकावर पहारा देणाऱ्या संपकऱ्यांवर गुंडांच्या टोळीने हल्ला केला. कुबो कियोशी नावाचा बत्तीस वर्षांचा कामगार भोसकला गेला आणि मेला.

जुलैत तर कोळसा साठवायच्या मोठ्या टाकीभोवती वीसेक हजार संपकरी आणि दहाएक हजार पोलीस एकमेकांसमोर उभे होते. रक्तपात अगदी तोंडावर आला होता. शेवटच्या क्षणी सरकारने मध्यस्थी केली. पण मध्यस्थांचा निवाडा आला तो कंपनीच्या बाजूने, काढलेल्यांना परत घेणार नाही. युनियनला तो गिळावा लागला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नऊ महिन्यांहून जास्त काळाने, संप संपला.

युनियन हरली. माणसं परत खाली गेली. पण आता ‘आधी हे दुरुस्त करा’ म्हणणारे बरेचसे बाहेर होते आणि जे आत होते त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. कामगार कमी झाले, उत्पादन मात्र वाढत गेलं.

९ नोव्हेंबर १९६३, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं

इथे थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोळशाची बारीक भुकटी खाणीत सगळीकडे साचते. जमिनीवर, खांबांवर, पट्ट्यांवर. जमिनीवर पडून आहे तोवर ठीक. पण ती हवेत उधळली आणि ठिणगी मिळाली, तर प्रत्येक कण पेटतो, शेजारच्याला पेटवतो, त्या झोताने पुढची भुकटी उडते, ती पेटते, आणि आग बोगद्यातून धावत सुटते. उपाय जुना आणि साधा आहे. भुकटी झाडून काढा, पाणी शिंपडा, दगडाची पूड पसरा. खर्च फार नाही, फक्त रोज करावं लागतं.

त्या शनिवारी मिकावा पिटच्या उताराच्या बोगद्यातून कोळशाने भरलेले डबे वर ओढले जात होते. डब्यांना जोडणारी कडी तुटली. डबे उतारावरून सुसाट मागे आले, घसरले, साचलेली भुकटी उधळली, ठिणगी पडली.

तेव्हा खाली चौदाशेच्या आसपास माणसं होती. ४५८ जण मेले. आणि यात लक्ष द्या, स्फोटाच्या तडाख्याने मेलेले वीसच्या आसपास. बाकीचे सगळे विषारी वायूने. कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. श्वास चालू असतो आणि मेंदू गुदमरत असतो. स्फोटापासून लांब असलेल्या लोकांनाही वेळेवर बाहेर काढलं असतं तर? हा प्रश्न तिथल्या घरांनी पुढे अनेक वर्षं विचारला.

जुन्या युनियनचे मेले, नव्या युनियनचेही मेले. वायूने ओळखपत्र मागितलं नाही.

त्याच रात्री योकोहामाजवळ त्सुरुमीला रेल्वेचा भयंकर अपघात झाला, १६१ जण गेले. एकाच शनिवारी सहाशेहून अधिक.

वाचलेल्यांचं काय झालं

वाचलेल्यांपैकी ८३९ जणांना वायूची बाधा झाली होती. वरून बघितलं तर धडधाकट. हात आहेत, पाय आहेत. पण बायको काय सांगतेय ते पाच मिनिटांत विसरतात. डोकं सतत ठणकतं. शांत स्वभावाचा माणूस एकदम चिडून ताट भिरकावतो. स्वतःच्याच गल्लीत रस्ता चुकतो. मुलांना कळत नाही की बाबा तोच आहे, पण बाबा कुठे गेला.

आणि जखम दिसत नसली की लोक काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. ढोंग करतोय. कामचुकार आहे. १९६६ मध्ये, अपघाताला तीन वर्षं झाली म्हणून, सातशेहून जास्त जणांना ‘बरे झाले’ असं ठरवून टाकलं. म्हणजे नुकसानभरपाई बंद, कामावर चला.

तेव्हा पुढे आल्या त्यांच्या बायका. या बायकांना संपाचा अनुभव होता. १९६० मध्ये त्यांनी फाटकावर पहारा दिला होता, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली होती. जुलै १९६७ मध्ये त्या मिकावा पिटमध्ये उतरल्या, त्याच खाणीत जिथे त्यांच्या नवऱ्यांचा घात झाला, आणि खाली बसून राहिल्या. जवळपास सहा दिवस. मागणी एकच, या रुग्णांसाठी वेगळा कायदा करा.

मला हे वाचताना अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोकांना जबरदस्तीने खाली नेलं होतं. या स्वतःहून खाली गेल्या आणि म्हणाल्या, आता आम्ही वर येत नाही.

त्याच महिन्यात खाणीतल्या वायूबाधितांसाठीचा कायदा संसदेत मंजूर झाला. हवं तेवढं त्यात मिळालं नाही, म्हणून सत्तरच्या दशकात कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. बहुतेकांनी १९८७ मध्ये तडजोड स्वीकारली. काही घरं अडून राहिली, आणि १९९३ मध्ये फुकुओकाच्या न्यायालयाने कंपनीची चूक मान्य केली. तीस वर्षांनी! कुमामोतोचे डॉक्टर हारादा मासाझुमी, जे मिनामाताच्या पारा-विषबाधेसाठी जगभर ओळखले जातात, ते या खाणकामगारांनाही दशकानुदशकं तपासत राहिले, आणि हा आजार संपत नाही हे त्यांनी लिहून ठेवलं.

एक चांगली बातमी, मध्येच

एवढं सगळं ऐकून जड झालं असेल, तर ही घ्या एक गोड गोष्ट, आणि अगदी खरी.

आठवतं, कैद्यांचा तुरुंग? तो बंद झाल्यावर त्या जागेवर तांत्रिक हायस्कूल झालं. तुरुंगाची जुनी भिंत आजही शाळेला आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात, स्फोटाला दोन वर्षंही झाली नव्हती, या शाळेची बेसबॉल टीम कोशिएनला पोचली. कोशिएन म्हणजे जपानच्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. ही टीम पहिल्यांदाच तिथे गेलेली. आणि कप घेऊन आली! मुलं ओमुताला परतली तेव्हा रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुनी युनियन, नवी युनियन, कंपनीचे साहेब, सगळे त्याच गर्दीत. पाच वर्षांत पहिल्यांदा हे शहर एका बाजूला उभं राहून ओरडलं.

पाटीवरची वर्षं

त्यानंतरची गोष्ट उताराची. १९८४ मध्ये आरिआके पिटमध्ये आग लागून ८३ जण गेले. ३० मार्च १९९७ ला मिइके बंद झाली. १९५९ मध्ये ओमुताची लोकसंख्या दोन लाखांवर होती, आज जवळपास निम्मी आहे. बंदर मात्र चालू आहे, दान म्हणाला होता तसं.

जुलै २०१५ मध्ये युनेस्कोने ‘मेइजी काळातली औद्योगिक क्रांती’ म्हणून जपानमधल्या तेवीस जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यात मिइकेचे मियानोहारा आणि मांदा हे पिट, खाणीची रेल्वे आणि मिइके बंदर आहेत. हाशिमा बेटही आहे. तेव्हा दक्षिण कोरियाने विचारलं, आमची माणसं तिथे कशी राबली ते कोण सांगणार? जपानच्या प्रतिनिधीने त्या बैठकीत कबूल केलं की १९४० च्या दशकात यातल्या काही जागांवर कोरियातल्या आणि इतर ठिकाणच्या कित्येकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवलं गेलं, आणि त्यांची आठवण ठेवण्यासाठी पावलं उचलू. २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीने लेखी खंत व्यक्त केली की हे नीट पाळलं गेलं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण मला खटकली ती एक साधी गोष्ट. या वारशाचा काळ ठरवलाय १८५० च्या दशकापासून १९१० पर्यंत. त्यात दानचे पंप येतात, बंदर येतं, विटांच्या सुंदर इमारती येतात. कोरियन, चिनी आणि युद्धकैदी १९१० नंतरचे. संप १९६० चा. स्फोट १९६३ चा. मिकावा पिट, जिथे ४५८ माणसं गेली, त्या यादीतच नाही. कैदी तर थेट त्या काळातलेच, पण त्यांच्यासाठी पंपांइतकी मोठी पाटी कुणी लावणार नाही.

कुणी खोटं बोललंय असं मी म्हणत नाही. फक्त सुरुवात आणि शेवट कुठे करायचा हे ठरवलं की गोष्टीतली अर्धी माणसं आपोआप बाहेर राहतात. ओमुताच्या लोकांना हे कळलं असावं. शहराने स्वतः जुन्या खाणकामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, दोन्ही युनियनवाल्यांच्या मुलाखती घेऊन ठेवल्या. कुमागाई हिरोको या दिग्दर्शिकेची २००५ सालची डॉक्युमेंटरी त्यातूनच आली. आपल्या शहराची कटू गोष्ट आपणच रेकॉर्ड करून ठेवणं, याला धाडस लागतं.

आता आपला प्रश्न खिशातून बाहेर काढू. कैदी, योरोनचे भुकेले, कोरियन, चिनी, युद्धकैदी, यातल्या कुणालाच ‘मी खाली जात नाही’ म्हणता येत नव्हतं. मध्ये पंधराएक वर्षं अशी आली की म्हणता येत होतं. ती १९६० मध्ये संपली, आणि तीन वर्षांनी ती भुकटी पेटली. संप जिंकला असता तर स्फोट झालाच नसता, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण भुकटी साचलीय, आधी ती झाडा, असं सांगणारा माणूस आणि ते ऐकून घेणारा मुकादम, दोघंही त्या दिवशी तिथे असते तर? मी त्या प्रश्नापाशीच थांबतो.

जाता जाता, ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय तो रात्री चार्जिंगला लावाल ना? आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. म्हणजे आत्ता, या क्षणीही, कुणीतरी खाली पाळीवर आहे. वरच्या माणसाला ‘आज नको’ म्हणायची सोय त्याला आहे का, एवढं मनात येऊ द्या.

आणि कुठे ओबोनचा व्हिडिओ दिसला, ती छोटी मुलगी खणताना दिसली, तर तिला थांबवू नका हं. नाच छानच आहे. फक्त गाडी ढकलायची पाळी आली की तुम्हाला ठाऊक असेल, त्या गाडीत काय होतं आणि ती ढकलणारे कोण होते.

एपिसोड आवडला तर एका मित्राला पाठवा, एकालाच, पण ऐकेल अशाला. तुमच्या घरात कुणी खाणीत काम केलं असेल, चंद्रपूरला, वणीला, कुठेही, तर त्यांच्याशी बोला आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. मला नाही पाठवलंत तरी चालेल. ठेवा मात्र.

भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.